आल्डसीलचे नऊ एकमेव विजेते

आल्डसीलमध्ये कुणी कुणाचं कौतुक करत नाही. त्यात दुष्टावा काही नाही, गावची रीतच तशी. नवं बाळ पाहायला आलेली शेजारीण पाळण्यात डोकावून "वाईट नाही" म्हणते आणि बाळाची आई धन्य होते. नेदरलँड्समधल्या फ्रिसलंडच्या त्या किनाऱ्यावर वाराच इतका बोलतो की माणसांनी जास्त बोलायची गरज कुणाला वाटत नसावी.

अशा गावात हिस्का टर्पस्ट्रा बासष्ट वर्षं राहिली होती आणि त्यातली चव्वेचाळीस वर्षं तिने शिडं शिवण्यात घालवली होती. बंदराला लागूनच तिचं शिडघर. खाली लांबच लांब लाकडी जमीन, एवढी गुळगुळीत की दिव्याचा उजेड तिच्यावर घसरावा. त्या जमिनीवर कापड अंथरायचं, गुडघ्यांवर बसून आखायचं, कापायचं आणि तळहाताला चामड्याची पट्टी बांधून जाड सुईने कडा शिवायच्या. आत येणाऱ्याने दारात बूट काढायचे, मग तो मेयर असो की मासेवाला. वडिलांनी हिस्काला हे काम शिकवलं. तिने एकटीने शिवलेलं पहिलं शीड जेव्हा वाऱ्याने टरारून फुगलं, तेव्हा वडील धक्क्यावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "हं. फाटलं नाही." त्या तीन शब्दांवर हिस्काने पुढची सगळी वर्षं काढली होती.

आणि मार्चमधल्या एका गुरुवारी तिला ईमेल आली.

"सन्माननीय मॅडम, उत्तर युरोपातल्या दोन हजार कारागिरांमधून यंदाच्या सुवर्ण-नांगर पुरस्कारासाठी आपली, आणि फक्त आपलीच, निवड झाली आहे. आमच्या परीक्षकांनी गुप्तपणे आपलं काम पाहिलं आहे."

हिस्काने ती उभ्याने वाचली. मग बसून वाचली. मग छापून घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. परीक्षक गुप्तपणे येऊन गेले! गेल्या उन्हाळ्यात धक्क्यावर उगाच फोटो काढत उभा असलेला तो टोपीवाला माणूस, तोच असणार! आणि आपण त्याच्यावर ओरडलो होतो, दोरात पाय घालू नकोस म्हणून!

दुपारी फोन आला. आवाज कोमट दुधासारखा. नाव सांगितलं माक्सिमिलियान द रोशमों.

"मॅडम टर्पस्ट्रा," तो म्हणाला, "आपण शिवलेल्या शिडात वारा भरत नाही. संगीत भरतं."

हिस्काने फोन दुसऱ्या कानाला लावला. उत्तरादाखल तिला एवढंच सुचलं, "म्हणजे... फाटत नाहीत."

"किती ही नम्रता!" तो हळहळला.

मग त्याने सोहळ्याचं सांगितलं. ब्रसेल्स, मे महिना, झुंबरं, पाच पदार्थांचं जेवण. मानचिन्ह आणि जेवणाचं टेबल मिळून चौदाशे पन्नास युरो, त्यातले चारशे आता, जागा राखून ठेवायला. आणि एक मेपर्यंत कुणाला एक अक्षर सांगायचं नाही, नाहीतर पुरस्कार रद्द. हिस्काने फोन ठेवता ठेवता चारशे युरो भरून टाकले.

पुढचे पाच दिवस ती जमिनीपासून चार बोटं वर चालत होती. पुलावरून जाताना ती गुणगुणायला लागली, तर बोटींसाठी पूल उघडणारा माणूस खिडकीतून ओरडला, "काय हिस्का, दाढ दुखतेय का?" तिने पिकल्या चेरीच्या रंगाचा ड्रेस घेतला. शिवणयंत्रासमोर उभी राहून भाषणाचा सराव केला, "माननीय परीक्षक, मी फक्त कडा सरळ शिवते..." आणि यंत्राने टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून स्वतःच वाजवल्या. पण गुपित म्हणजे पोटात उकळती किटली. मंगळवारी गावातल्या दुकानदारांची बैठक होती, विषय पुलावरच्या फुलांच्या कुंड्या. हिस्काने ठरवलं, सांगायचं नाही. फक्त सुचवायचं. जराऽऽसं.

बैठक नेहमीप्रमाणे सकाळी दहाला दौवे बेकरवाल्याकडे. हिस्का आत शिरली आणि थबकली. दौवेने टाय लावला होता. गेल्या वीस वर्षांत त्याच्या गळ्यात पिठाशिवाय काही दिसलं नव्हतं. वाम मासे धुरवून विकणारी वित्स्का, जी रबरी बुटांतच जन्माला आली असं गाव म्हणायचं, ती केस सेट करून बसली होती. सायकलवाला रिंट्या तर सगळ्यांना स्वतःहून कॉफी ओतत होता. साखरेचे खडे घातलेला पाव टेबलावर फुकट ठेवलेला होता. हे फारच विचित्र होतं.

दौवेने घसा साफ केला. "कुंड्यांच्या आधी मला एक... म्हणजे मला काही सांगायचं नाहीये."

"मलाही काही सांगायचं नाहीये," वित्स्का घाईने म्हणाली.

"मग मी तर बोलूच शकत नाही," रिंट्या म्हणाला आणि लालबुंद झाला.

"मे महिन्यात मी दोन दिवस गावात नसेन," दौवे छताकडे पाहत म्हणाला. "एवढंच. का ते विचारू नका."

कुणी विचारलं नाही. दौवेचा चेहरा पडला.

"मीही नसेन," वित्स्का म्हणाली.

"मीही," रिंट्या.

हिस्काने टाय पाहिला, सेट केलेले केस पाहिले. तिने हळूच एक शब्द टेबलावर ठेवला. "ब्रसेल्स?"

रिंट्याची कॉफी कपाबाहेर ओतली गेली.

"तूसुद्धा?" दौवे म्हणाला.

अकरा दुकानदार बसले होते. हात वर झाले ते नऊ. संपूर्ण उत्तर युरोपातून निवडलेले नऊ एकमेव विजेते, एकाच गल्लीतले. त्यात घड्याळवाल्याची विधवा आउक्या हात वर करून कापऱ्या आवाजात म्हणाली, "मला नाही हो, आमच्या ह्यांना मिळालाय. जाऊन सहा वर्षं झाली त्यांना. म्हटलं, उशिरा का होईना, कुणाच्या तरी लक्षात आलं."

पहिली वित्स्का फुटली. तिचं हसू तिच्या धुरखान्यासारखं, एकदा पेटलं की विझत नाही. "ए दौवे, तुला काय म्हणाला रे तो?"

"नको," दौवे म्हणाला.

"सांग की!"

दौवेने टायशी चाळा केला. "म्हणाला, माझ्या पावात... मौन आहे."

"मौन? अरे मेल्या, मीठ नाही तुझ्या पावात! गेली तीस वर्षं सांगतेय मी!"

"आणि तुला काय म्हणाला?"

"माझ्या वामाच्या धुरात इतिहास दरवळतो," वित्स्का ताठ बसून म्हणाली.

"इतिहास कसला, तीन दिवसांचा मासा दरवळतो!"

मग कुणाला धरबंध राहिला नाही. रिंट्याच्या दुरुस्त केलेल्या चाकांत विश्वाची गती होती. न्हाव्याच्या कात्रीत करुणा होती. प्रत्येक वाक्याला टेबल हादरत होतं, साखरपावाचे तुकडे उडत होते. आउक्या डोळे पुसत म्हणाली की आमच्या ह्यांनी काळाला लगाम घातला होता म्हणे, आणि घरातलं एक घड्याळ कधी वेळेवर नव्हतं! दौवेला टाय सोडून पाणी प्यावं लागलं.

हसता हसता हिस्काला मात्र तो फोन आठवला. संगीत भरतं. बासष्ट वर्षांत कुणीतरी एक गोड वाक्य बोललं, आणि तेही चारशे युरोंना विकत घेतलेलं निघालं. तिने खाली पाहिलं. वित्स्काने ते टिपलं, खुर्ची सरकवून तिच्या शेजारी आली आणि आपल्या पावातला साखरेचा सगळ्यात मोठा खडा काढून तिच्या बशीत ठेवला.

वित्स्काचा भाचा सित्से तालुक्याच्या पोलीस ठाण्यात होता. त्याला बोलावलं. तो येऊन ऐकू लागला, वहीत लिहू लागला आणि लिहिता लिहिता दोनदा पाठ फिरवून खोकला. ते हसू होतं हे सगळ्यांना कळलं.

"मावशी, खरं सांगू का," तो म्हणाला, "नाव खोटं, फोन खोटा, खातं परदेशातलं. तक्रार तुम्ही द्याच. पण माणूस सापडणं अवघड. अशा किती दुकानदारांना गंडवत असतील, आणि लाजेपोटी कुणी तोंड उघडत नाही. गुप्तता पाळा म्हणतात ते त्याचसाठी. आज तुम्ही नऊ जण एका टेबलावर बसून बोललात ना, हे त्यांच्या हिशेबात नसतं."

हिस्का खिडकीतून बंदराकडे बघत होती. ती अचानक म्हणाली, "त्याचं कुणी कौतुक केलं असेल का रे कधी?"

"कुणाचं?"

"त्या रोशमोंचं. दिवसभर लोकांना गोड गोड बोलतो. त्याला कुणी म्हणालं असेल का, की बाबा, वाईट नाही?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. वित्स्काच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागलं, लोण्यासारखं, कडेपर्यंत.

"दौवे," ती म्हणाली, "कागद आण."

पुढचा तासभर त्या बेकरीत जे चाललं होतं त्याला सित्सेने अधिकृतपणे हजेरी लावली नाही. "मी इथे पाव घ्यायला आलोय," असं त्याने जाहीर केलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. पत्र असं तयार झालं: फ्रिसलंडच्या बंदर-व्यापाऱ्यांच्या वतीने दिला जाणारा सुवर्ण-बगळा, छोट्या उद्योगांना उभारी देणाऱ्या माणसासाठी. आपल्या आवाजाने कितीतरी कारागिरांचं आयुष्य बदललं आहे. परीक्षकांनी गुप्तपणे ऐकलं आहे.

"'गुप्तपणे' दोनदा लिही," वित्स्का म्हणाली.

"आणि लिही, हा सन्मान संस्थेचा नाही, माणसाचा आहे," हिस्का म्हणाली. "म्हणून खऱ्या नावाने आणि स्वतःच्या खात्यातून नोंदणी. पाटीवर नाव कोरण्याचे पस्तीस युरो."

"पस्तीस?" रिंट्या म्हणाला. "तो भामटा आहे हिस्का. भामट्याला असलं काही कळत नाही होय?"

"मला कळलं होतं का?" हिस्का म्हणाली.

पत्र दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सुवर्ण-नांगरवाल्या ईमेलच्या पत्त्यावर गेलं. उत्तर बारा एकवीसला आलं. पस्तीस युरो जमा, खातेदार गेर्बेन पॉट, पत्ता तीन तासांवरच्या एका गावाचा. खाली दोन ओळी: "मन भरून आलं. फोटो काढणार आहात का? आणि आईला आणलं तर चालेल का?"

दौवे खुर्चीवरून अक्षरशः खाली घसरला. सित्सेने तो पत्ता वहीत उतरवून घेतला आणि पहिल्यांदाच मोकळेपणी, पोट धरून हसला.

शनिवारी सकाळी अकराला सोहळा. दुसरी मोठी जागा नव्हती म्हणून हिस्काच्या शिडघरात. वरच्या तुळयांना रंगीत निशाणं लावली, जमिनीवर एक नवंकोरं पांढरं शीड गालिच्यासारखं अंथरलं, कोपऱ्यात वाटाण्याच्या घट्ट सूपचं पातेलं रटरटत होतं. रिंट्याने अकॉर्डियन काढलं. चार दिवस हिस्का आणि वित्स्काने आजूबाजूच्या सात गावांत फोन केले होते, तुम्हाला कुणी ब्रसेल्सला बोलावलंय का, म्हणून. प्रत्येक फोनवर आधी नाही, मग खोकला, मग हो. चाळीसेक माणसं जमली होती, त्यातले सव्वीस एकमेव विजेते. दारात बुटांचा ढीग आणि आत मोज्यांवरची माणसं एकमेकांच्या पुरस्कारांवर हसत होती. हिस्काने चेरीच्या रंगाचा ड्रेस घातला होता. एवढा महाग ड्रेस काय कपाटात ठेवायचा?

गेर्बेन पॉट आला तो पन्नाशीचा, काटकुळा, इस्त्रीच्या सुटातला माणूस. त्याच्या दंडाला धरून ऐंशीची आई, डोक्यावर जांभळी टोपी, टोपीवर पीस. बूट काढताना गेर्बेनच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला, तो त्याने दुसऱ्या पायाखाली लपवला.

"मी म्हणतच होते सगळ्यांना," आई भेटेल त्याला सांगत होती, "आमचा गेर्बेन काहीतरी करून दाखवील. फोनवर काम करतो ना तो. दारं लावून. किती गोड बोलतो लोकांशी!"

हिस्काची नजर त्या पिसावर खिळली. तिने वित्स्काकडे पाहिलं. वित्स्का पुटपुटली, "आई येणार हे आपल्याला माहीत होतं गं."

"माहीत होतं. पण टोपी घालून येईल हे नव्हतं माहीत."

पण आता मागे फिरणं नव्हतं. आउक्याने आपल्या नवऱ्याचा फोटो मांडीवर आणून ठेवला होता. हिस्का पुढे झाली, गेर्बेनच्या हातात लाकडी पाटी दिली, अकॉर्डियनने सलामी वाजवली, टाळ्या पडल्या. गेर्बेनचे डोळे खरोखर पाणावले होते. हे नाटक नव्हतं, हिस्काला अगदी जवळून दिसत होतं.

"पॉटसाहेब," ती म्हणाली, "आपल्या बोलण्यात वारा भरत नाही. संगीत भरतं."

गेर्बेन हसत मान डोलावू लागला. आणि अर्ध्यावर मान थांबली.

"ज्यांना ज्यांना सुवर्ण-नांगर मिळालाय," हिस्का खोलीला म्हणाली, "त्यांनी कृपया उभं राहावं."

सव्वीस माणसं उभी राहिली. आउक्याने फोटो डोक्यावर धरला.

गेर्बेन पिठासारखा पांढरा पडला. त्याने दाराकडे पाहिलं. दारात सित्से गणवेशात उभा, हातात साखरपाव. गेर्बेनने मागच्या खिडकीकडे धाव घेतली. आता, गुळगुळीत जमीन, तिच्यावर कोरं शीड आणि पायात मोजे, असं असताना कुणी धावू नये. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलंच नाही. तो बदकासारखे हात फडफडवत, पाटी छातीशी धरून, सगळ्या पाहुण्यांच्या समोरून सुळकन घसरत गेला आणि घडी घालून ठेवलेल्या शिडांच्या ढिगात कमरेपर्यंत घुसला. रिंट्याच्या अकॉर्डियनमधून आपोआप एक लांब सूर निघाला. सगळं शिडघर हसण्याने दणाणलं.

"गेर्बेन!" आईचा आवाज आला. "ऊठ. अजून फोटो काढायचाय."

मग तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, आउक्याच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं, दारातल्या गणवेशाकडे पाहिलं. म्हातारी भोळी होती, मूर्ख नव्हती. हसणं हळूहळू थांबलं.

"किती जण?" तिने हिस्काला विचारलं.

"इथे सव्वीस."

तिने टोपी काढली, खुर्चीवर ठेवली आणि बाह्या सावरल्या. "गेर्बेन, बाहेर ये. फोन काढ."

"आई, पोलीस आहेत..."

"पोलीस नंतर. आधी मी आहे."

सूपच्या पातेल्याशेजारी टेबल लागलं. एका बाजूला गेर्बेन फोन घेऊन, मागे आई, शेजारी सित्से नोंदी करत. समोर रांग. पैसे परत मिळाले की माणूस सरकून सूपचं भांडं घ्यायचा आणि दुसऱ्याला म्हणायचा, "तुला काय म्हणाला होता?" की पुन्हा हशा. सतराव्या माणसापाशी गेर्बेनचं खातं रिकामं झालं. हिस्काचा नंबर एकविसावा होता. उरलेल्यांचं काय ते न्यायालय बघेल असं सित्से म्हणाला, आणि न्यायालयाने पुढे बघितलंही, पण हिस्काच्या हाती त्यातले निम्मेच आले.

रांगेत तिची पाळी आली तेव्हा तिने पैशांचं विचारलं नाही. "ते संगीताचं," ती म्हणाली, "ते कसं सुचलं तुम्हाला?"

गेर्बेनने आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खोटं बोलायला एवढी सोपी जागा त्याला आयुष्यात मिळाली नसेल.

"शिडं शिवणाऱ्या सगळ्यांना तेच सांगतो," तो म्हणाला. "सहा जणांना सांगितलंय."

हिस्काने बोटांवर सहा मोजले. मग तिला असं काही हसू आलं की तिला टेबलाला धरावं लागलं. वित्स्का धावत आली, काय झालं म्हणून, आणि काय झालं ते ऐकून तीही हसायला लागली, आणि शेवटी गेर्बेनच्या आईच्या ओठांचा कोपराही हलला. "निदान आज एकदा तरी खरं बोललास," ती लेकाला म्हणाली आणि दौवेच्या पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून खाल्ला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. वित्स्काने तिला मिठीच मारली.

गेर्बेनला घेऊन सित्से गेला, आईला रिंट्याने आपल्या गाडीतून घरी पोहोचवलं, आणि ही हकिगत वर्तमानपत्रात आली. तेव्हापासून शिडघरातला फोन वाजायचा थांबेना. कुणाला परदेशातून पाचशे केकची ऑर्डर आली होती, फक्त जहाजाचं भाडं आधी भरायचं होतं. कुणाला घरबसल्या एका मोठ्या कंपनीची शाखा चालवायला मिळणार होती. हिस्का सुई तोंडात धरून ऐकायची आणि मग एकच विचारायची, "हे तुम्ही शेजारच्या दुकानात सांगितलंत का?" नाही म्हणाले की म्हणायची, "मग आधी तिकडे जा, सांगा, आणि मग मला फोन करा." बहुतेक जण पुन्हा फोन करत, ते हसतच.

जूनमधल्या एका शुक्रवारी कुणा म्हाताऱ्या मिठाईवाल्याचा फोन आला. त्याला 'उत्तर समुद्राचा साखरसम्राट' असा किताब मिळाला होता. हिस्काने सगळं ऐकून घेतलं आणि जमेल तेवढं हळू सांगितलं की आजोबा, हे खोटं आहे.

"ते मला कळलंय हो," म्हातारा म्हणाला. "तसं कळलंच होतं. पण काय आहे, रविवारी माझी बहीण जेवायला येतेय. चाळीस वर्षं मला नावं ठेवतेय ती. तोवर खरं राहिलं तर चालेल का?"

"पैसे भरलेत?"

"छे, एक सेंटही नाही."

हिस्काने तोंडातली सुई काढली. खिडकीबाहेर एक तपकिरी शीड वाऱ्याने भरून बंदराबाहेर चाललं होतं.

"मग रविवार संध्याकाळपर्यंत खरंच आहे ते," ती म्हणाली. "आणि आजोबा, पत्र फ्रेम करून टेबलावर ठेवा. तिच्या बशीसमोर."